जमाखर्चाच्या वहीतले नाटक

‘मध्ययुगीन युरोपात नाटकाचा उदय कसा झाला?’ हा प्रश्न इंग्रजी वाङ्मय घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचे ठरलेले उत्तर मीही पाठ केले होते. ईस्टरच्या उपासनेतील दोन-चार संवादांतून नाटक जन्मले, ते चर्चमधून अंगणात आले, अंगणातून बाजारात गेले, धर्मगुरूंच्या हातून कारागिरांच्या हाती पडले आणि शेवटी शेक्सपिअर अवतरला! या उत्तराला मला गुणही बरे मिळाले.

पुढे ग्रंथालयात वाचताना कळले, की या उत्तराचे मूळ ई. के. चेंबर्स यांच्या १९०३ सालच्या ‘द मिडीव्हल स्टेज’ या दोन खंडांच्या ग्रंथात आहे. चेंबर्स प्राध्यापक नव्हते, शिक्षणखात्यात नोकरी करीत होते. त्यांचा व्यासंग अफाट होता यात शंका नाही. १९३३ साली कार्ल यंग यांनी चर्चमधील लॅटिन नाटके दोन मोठ्या खंडांत छापली, तीही साधारण याच क्रमाने, म्हणजे सोपी आधी व गुंतागुंतीची नंतर. १९६५ साली ओ. बी. हार्डिसन यांनी एक साधा प्रश्न विचारला : सोपे ते आधीचे असे कशावरून? हस्तलिखितांचा काळ पाहिला तर तो या क्रमाशी जुळत नाही. बी, रोप, वृक्ष अशी चढती कमान अभ्यासकांनी मनात आधीच धरली होती आणि नाटके तिच्यात बसवली होती.

मग मनात आले, सिद्धान्त असे कोसळतात तर या विषयातील ग्रंथांतून टिकते तरी काय? याचे उत्तर मला कॉव्हेंट्री या इंग्लंडमधील गावाच्या हकिकतीत सापडले.

त्या काळी इंग्लंडच्या काही गावांत ‘कॉर्पस क्रिस्टी’च्या सणाला बायबलमधील कथांची नाटके होत. लोहार, शिंपी, सुतार अशा धंद्यांचे संघ ती करीत. कॉव्हेंट्रीच्या लोहारांकडे येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाटक होते. त्यांच्या जमाखर्चात १५७३ साली फॉस्टन नावाच्या माणसाला ज्यूडासला फाशी देण्याबद्दल चार पेन्स आणि कोंबड्यासारखे आरवण्याबद्दल आणखी चार पेन्स दिल्याची नोंद आहे. (पीटर आपल्या गुरूला तीनदा नाकारतो तेव्हा कोंबडा आरवतो, अशी बायबलमधील कथा आहे.) रंगमंचावर काय घडत होते हे या दोन नोंदींइतके स्पष्ट कोण सांगणार?

या नोंदी टॉमस शार्प यांनी १८२५ साली छापल्या. ते वडिलांचा टोप्यांचा धंदा चालवलेले गृहस्थ, पण जुन्या कागदांचे वेड असलेले. पुढे ते मूळ कागद बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात गेले आणि १८७९ च्या आगीत जळून खाक झाले. शिंप्यांच्या संघाच्या नाटकाचे हस्तलिखितही त्याच आगीत गेले. आज ते नाटक वाचता येते ते केवळ शार्प यांनी छापले म्हणून.

जुन्या नोंदी जशाच्या तशा छापण्याचे हेच काम १९७६ पासून कॅनडातील टोरंटो येथे मोठ्या प्रमाणावर चालू आहे. १६४२ साली इंग्लंडातील नाट्यगृहे बंद झाली. तोपर्यंतच्या नाटक, संगीत व करमणुकीच्या नोंदी गावोगावच्या दप्तरांतून शोधून तेथे प्रसिद्ध केल्या जातात. खंडांची बांधणी लाल आहे. संपादक सिद्धान्त मांडत बसत नाहीत. मूळ नोंद, लॅटिन असल्यास तिचे भाषांतर, टीपा आणि सूची एवढेच देतात. १९७९ साली यॉर्कचे दोन भाग निघाले. १९८१ च्या कॉव्हेंट्रीच्या खंडात पुष्कळ ठिकाणी शार्प यांच्या छापील मजकुरावरच विसंबावे लागले. अलीकडचे संग्रह संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

अशा शोधाने चित्र किती पालटते पाहा. १९७१ साली यॉर्कच्या व्यापारी-संघाची १४३३ मधील सामानाची यादी प्रसिद्ध झाली. तीत चार चाकांचा गाडा आहे, नरकाचा जबडा आहे, तीन सैतानांचे पोशाख आहेत, आणि तीन मुखवट्यांत मिळून सैतानांचे सहा चेहरे आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंडे! ज्या नाटकांना पुस्तके ‘बाल्यावस्थेतील’ म्हणत, त्यांचा हा थाट. ही माणसे कशाची तरी पूर्वतयारी करीत नव्हती. ती आपले नाटक पुरेपूर करीत होती.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. छापलेले ते खरे, असे मी समजत होते. आता छापलेल्यातही दोन जाती दिसतात : एक मत, दुसरा पुरावा. मत लवकर पाठ होते, पण पुरावा जास्त दिवस उपयोगी पडतो.

परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला तर? पाठ केलेले उत्तर सोडण्याची भीती वाटते, गुण मला हवेच आहेत. पण ते उत्तर मी चेंबर्स यांच्या नावावर, १९०३ हे साल घालून लिहीन. आणि खाली फॉस्टनचे आठ पेन्स मांडीन.