मर्यादक विक्रियाकारक आणि डोंगरी बुजुर्गचे मँगॅनीज

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथील खाणीत मँगॅनीज डायऑक्साइडाने समृद्ध असे धातुक निघते व ते शुष्क विद्युत्‌घटांच्या उद्योगात वापरले जाते. हेच द्रव्य हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवून शेले या शास्त्रज्ञाने १७७४ साली क्लोरीन वायू मिळविला. पाठ्यपुस्तके ज्या मर्यादक विक्रियाकारकाची बोळवण दोन ओळींत करतात, त्याची खरी परीक्षा या विक्रियेत होते.

१ मोल डायऑक्साइड व ४ मोल आम्ल यांपासून १ मोल क्लोरीन मिळतो. (आम्लातील निम्मेच क्लोरीन मुक्त होते, उरलेले मँगॅनीज क्लोराइडात अडकते.) समजा, १० ग्रॅम धातुक व १२ मोलर आम्लाचे ३० मिलिलिटर घेतले. धातुक शुद्ध मानल्यास डायऑक्साइड ०.११५ मोल भरते, आम्ल ०.३६ मोल, म्हणजे ०.०९० मोल क्लोरीनपुरते. अर्थात आम्ल मर्यादक ठरते. वजनाने आम्ल अधिक असूनही आधी तेच संपावे, हे नवख्या विद्यार्थ्यास चमत्कारिक वाटते.

परंतु खाणीतून येणारे धातुक शुद्ध नसते. त्यात डायऑक्साइड शेकडा ७० धरले, तर ते ०.०८०५ मोलच उरते व मर्यादकाचा मान त्याच्याकडे जातो. आता त्याच धातुकात शेकडा १२ फेरिक ऑक्साइड असून ते पूर्णपणे विरघळते असे माना. त्याचा प्रत्येक मोल ६ मोल आम्ल गिळतो, ०.०४५ मोल आम्ल असे खर्ची पडून बाकीचे ०.०७८७ मोल क्लोरीनपुरतेच राहते. आम्ल पुन्हा मर्यादक!

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. प्रयोगात ०.०७२ मोल क्लोरीन मिळाला, तर पहिल्या हिशेबाने उत्पन्न शेकडा ८०, शेवटच्या हिशेबाने ९१. पृथक्करणावाचून दिलेल्या उत्पन्नाच्या टक्क्यास आमच्या मते फारसा अर्थ नाही.

शिवाय ०.०७८७ ही वरची सीमा आहे. डायऑक्साइडाचे प्रमाण क्षपण विभव १.२३ व्होल्ट, तर क्लोरीनचे १.३६ व्होल्ट असते. विक्रिया पुढे रेटली जाते ती आम्लाच्या तीव्रतेमुळे व वायू निघून जात असल्यामुळे. आम्ल सौम्य होत गेले की ते संपण्यापूर्वीच विक्रिया मंदावते. यास्तव प्रयोगशाळेत आम्ल हिशेबापेक्षा बरेच अधिक घेतात.