कॉर्न साप : वर्ण व नक्षी यांची आनुवंशिकता

कॉर्न साप : सरीसृप वर्गातील कोल्युब्रिडी कुलातील एक बिनविषारी साप. याचे शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटॅटस असे असून पूर्वी त्याचा समावेश इलॅफी या वंशात करीत. कार्ल लिनीअस यांनी १७६६ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून दक्षिणेस फ्लॉरिडापर्यंत व पश्चिमेस लुइझिॲनापर्यंत तो आढळतो. भारतातील धामण याच कुलातील आहे. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या शोधार्थ येत असल्यामुळे, किंवा पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या दिसत असल्यामुळे, त्याला हे नाव पडले असावे. स्वभावाने शांत, पाळण्यास सोपा व बंदिवासात सहज प्रजनन करणारा असल्याने सर्पांमधील वर्ण व नक्षी यांच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासात त्याला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. प्रस्तुत नोंदीत अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांमधील वर्णप्रकार कसे ओळखतात व त्या ओळखीच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन केले आहे.

वर्णकोशिका : सापाच्या त्वचेचा रंग मुख्यत्वे तीन प्रकारच्या वर्णकोशिकांवर अवलंबून असतो. पहिल्या प्रकारच्या कोशिकांत मेलॅनीन हे काळे वा तपकिरी रंजकद्रव्य असते; दुसऱ्या प्रकारात पिवळी व तांबडी रंजकद्रव्ये असतात; तिसऱ्या प्रकारात रंजकद्रव्य नसून प्रकाश परावर्तित करणारे सूक्ष्म स्फटिक असतात. यांपैकी एखादे रंजकद्रव्य तयार होणे थांबले, तर बाकीच्यांचा रंग उघडा पडतो. या कोशिका त्वचेवर कोठे व कशा एकत्र येतात यावरून नक्षी ठरते. म्हणून रंगातील उत्परिवर्तन व नक्षीतील उत्परिवर्तन या सर्वसाधारणपणे वेगळ्या गोष्टी असून एकाच पिल्लात त्या दोन्ही असू शकतात.

सामान्य पिल्लू : मादी एका वेळी सु. १० ते ३० अंडी घालते व सु. दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. प्रौढ सापाचा नारिंगी-तांबडा रंग त्यांच्यात अजून उमटलेला नसतो. करड्या पार्श्वभूमीवर काळसर कडा असलेले गडद विटकरी ठिपके, मानेजवळ त्या ठिपक्यांमध्ये नारिंगी छटा आणि पोटावर काळ्यापांढऱ्या चौकटी, असे त्यांचे रूप असते. जन्मानंतर सु. आठवडा-दीड आठवड्याने पिल्लू पहिल्यांदा कात टाकते. तोपर्यंत त्वचा धूसर असल्याने रंगाविषयी अनुमान करणे योग्य नसते.

वर्णातील उत्परिवर्तने : सर्वांत आधी अभ्यासले गेलेले उत्परिवर्तन मेलॅनीनच्या अभावाचे, म्हणजे अमेलॅनिस्टिक हे होय. जॉर्जिया राज्यातील त्वचारोगतज्ञ एच्. बर्नार्ड बेक्टेल यांनी बंदिवासातील प्रजननावरून हा गुण मेंडेल यांच्या नियमांनुसार अप्रभावी असल्याचे १९६२ मध्ये दाखवून दिले. अशा पिल्लात काळा रंग कोठेही नसतो, बाहुली गुलाबी वा तांबडी दिसते आणि पोटावरील चौकटी पांढऱ्या-नारिंगी असतात. नक्षी मात्र जशीच्या तशी राहते. हे पिल्लू जन्मतःच निःसंशय ओळखता येते.

तांबडा रंग नसलेला ॲनेरिथ्रिस्टिक हा प्रकारही अप्रभावी आहे. अशी पिल्ले काळी-करडी असून मानेजवळची नारिंगी छटा त्यांच्यात नसते. बाहुली काळीच असते. वाढत्या वयात अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्यांच्या हनुवटीवर व गळ्यावर पिवळेपणा येतो. चारकोल या प्रकारात हा पिवळेपणा बहुधा येत नाही. परंतु नवजात अवस्थेत दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. ते एकच नाहीत हे प्रजननाने सिद्ध होते. शुद्ध ॲनेरिथ्रिस्टिक व शुद्ध चारकोल यांच्या संयोगातून सामान्य रंगाची पिल्ले होतात. याचाच अर्थ दोन्ही गुण वेगवेगळ्या जीनांमुळे उद्‌भवतात.

कॅरामेल प्रकारात पिवळा रंग प्रौढपणी खुलतो. नवजात पिल्लू तपकिरी-करडे असल्याने ॲनेरिथ्रिस्टिक म्हणून गणले जाण्याचा संभव असतो. लॅव्हेंडर प्रकाराचेही तसेच आहे. त्याची जांभळट-करडी छटा हळूहळू प्रकट होते. मात्र तीव्र प्रकाशात त्याची बाहुली पुष्कळदा गडद माणकासारखी दिसते व ही खूण उपयोगी पडते. मेलॅनीन केवळ कमी असलेला हायपोमेलॅनिस्टिक प्रकार ओळखणे सर्वांत कठीण. यात ठिपक्यांच्या कडा काळ्याऐवजी तपकिरी असतात, पण हा फरक त्याच विणीतील सामान्य भावंडे शेजारी ठेवल्यावरच स्पष्ट होतो. शिवाय मेलॅनीन घटविणारी उत्परिवर्तने एकाहून अधिक जीनांत ज्ञात आहेत.

नक्षीतील उत्परिवर्तने : मॉटली प्रकारात पाठीवरील ठिपके बाजूंनी एकमेकांना जोडले जातात व पार्श्वभूमीचा रंग गोल ठशांच्या रांगेसारखा मध्ये उरतो. स्ट्राइप प्रकारात ठिपक्यांच्या जागी लांबट पट्टे येतात. दोन्हींत पोटावर चौकटी नसतात. हे दोन्ही एकाच जीनाचे वैकल्पिक प्रकार असून सामान्य नक्षीच्या तुलनेत अप्रभावी आहेत. परस्परांत मात्र मॉटली वरचढ ठरतो. डिफ्यूझ्ड प्रकारातही पोट कोरे असते, परंतु तेथे कुशीवरील नक्षी पुसट होऊन पसरलेली दिसते. त्यामुळे केवळ पोट पाहून निर्णय न घेता पाठ, कुशी व डोके यांची नक्षी एकत्रित पाहावी लागते. टेसेरा हा प्रकार प्रभावी असून त्यात पाठीच्या मध्यातून एक अरुंद पट्टा व बाजूंस चौकटीदार नक्षी असते. जनकांपैकी एकाकडून मिळालेला जीनही तो प्रकट होण्यास पुरेसा असतो. नक्षीतील प्रत्येक फरक आनुवंशिक असतोच असे नाही. अंडी उबविताना तापमान फार कमी वा अधिक झाल्यास नक्षी विस्कळीत होऊ शकते व असा फरक पुढील पिढीत उतरत नाही.

ओकीटी नावाने ओळखल्या जाणाऱ्या, रुंद काळ्या कडांच्या सापांचे रूप एका जीनामुळे नव्हे, तर निवडक प्रजननाने अनेक जीनांच्या एकत्रित परिणामातून येते. कडा वयाबरोबर रुंदावत असल्याने नवजात पिल्लावरून याविषयी खात्रीने सांगता येत नाही.

संयुक्त प्रकार व झाकलेले गुण : अमेलॅनिस्टिक व ॲनेरिथ्रिस्टिक हे दोन्ही गुण एका पिल्लात एकत्र आले म्हणजे पांढरे-गुलाबी ‘स्नो’ पिल्लू होते. दोन्ही गुणांचे वाहक असलेल्या, पण दिसण्यात सामान्य अशा जनकांच्या संततीत सामान्य, अमेलॅनिस्टिक, ॲनेरिथ्रिस्टिक व स्नो यांचे प्रमाण ९ : ३ : ३ : १ असे अपेक्षित असते. हे प्रमाण संभाव्यतेचे आहे. २० पिल्लांच्या विणीत एकही स्नो न निघण्याची शक्यता चारांत एकाहून थोडी अधिकच असते. म्हणून एका विणीत तो प्रकार न दिसल्याने जनक वाहक नाहीत असे ठरत नाही. अमेलॅनिस्टिक व चारकोल यांच्या संयोगातून होणारे ‘ब्लिझर्ड’ पिल्लू जन्मतः स्नोसारखेच दिसते. तसेच मेलॅनीन मुळातच नसेल, तर ते घटविणारा हायपोमेलॅनिस्टिक गुण अंगी असूनही झाकला जातो.

अप्रभावी गुणाचा एकच जीन असलेले पिल्लू सामान्यच दिसते. दोन वाहकांच्या सामान्य दिसणाऱ्या पिल्लांपैकी प्रत्येक तिघांत दोघे वाहक असणे अपेक्षित असते, पण ते दोघे कोणते हे पाहून कळत नाही. त्यासाठी परीक्षण-संकर करतात. संशयित वाहकाचा संयोग तो गुण प्रकट असलेल्या सापाशी घडवितात. एक जरी पिल्लू त्या गुणाचे निघाले, तरी वाहकपणा सिद्ध होतो. पाच पिल्ले सामान्य निघाल्यास, वाहक असूनही केवळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता ३२ त १ आणि दहा पिल्ले सामान्य निघाल्यास १,०२४ त १ एवढी उरते.

ओळखण्याची रीत : पिल्लाचे दिसणारे रूप व त्याची जीनरचना या दोन भिन्न बाबी असून पहिलीवरून दुसरीचे केवळ अनुमान करता येते. या अनुमानासाठी क्रमाने पुढील गोष्टी तपासतात : जनकांची वंशावळ, बाहुलीचा रंग, काळ्या रंगाचे अस्तित्व, मानेजवळील नारिंगी छटा, पोटावरील चौकटी, पाठीची नक्षी आणि भावंडांशी तुलना. शंका राहिल्यास काही महिने थांबून पुन्हा निरीक्षण करतात. वंशावळीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकत असल्यामुळे विणीचा पिता आधीच्या संयोगातील नर असू शकतो. राजसर्पांसारख्या निकटच्या वंशांशी होणारे संकर प्रजननक्षम असतात व त्यांची संतती कधीकधी कॉर्न सापासारखीच दिसते.

महत्त्व : चुकीची नोंद एका पिल्लापुरती मर्यादित राहत नाही, ती पुढील पिढ्यांच्या नोंदींत शिरते. स्टारगेझर नावाचा तंत्रिका तंत्राचा अप्रभावी विकार याचे ठळक उदाहरण आहे. सनकिस्ड या वर्णप्रकाराच्या वंशांत तो प्रथम लक्षात आला. विकारग्रस्त पिल्लाचा तोल जातो व डोके वर आणि मागे वळते; वाहक साप मात्र निरोगी दिसतो. आकर्षक रंगासाठी निकटच्या नात्यात प्रजनन केल्यास असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. म्हणून ‘वाहक’, ‘संभाव्य वाहक’ व ‘अज्ञात’ असा भेद नोंदीत प्रामाणिकपणे राखणे हे प्राण्याच्या आरोग्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

रेण्वीय संशोधनाने या प्रजननशास्त्रीय निष्कर्षांना आधार दिला आहे. जिनीव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये अमेलॅनिस्टिक गुणाचा संबंध ओसीए-२ या जीनात शिरलेल्या एका स्थानांतरशील डीएनए-खंडाशी असल्याचे दाखविले. मानवातील विवर्णतेच्या एका प्रकाराशीही हाच जीन निगडित आहे. २०२० मध्ये लॅव्हेंडर गुणाचे मूळ लिस्ट या जीनातील उत्परिवर्तनात सापडले. २०२४ मध्ये टेराझो या पट्टेदार प्रकारात पीएमईएल हा जीन बिघडलेला असतो व त्यामुळे भ्रूणाच्या त्वचेत वर्णकोशिकांचे ठिपक्यांसारखे पुंजके बनत नाहीत, असे आढळले. आता टाकलेल्या कातेतील डीएनएवरून काही उत्परिवर्तनांची चाचणी करता येते. ज्या गुणांचे जीन अद्याप निश्चित झालेले नाहीत, त्यांच्या बाबतीत मात्र काळजीपूर्वक निरीक्षण, परीक्षण-संकर व अचूक वंशावळ यांवरच भिस्त ठेवावी लागते. [→ आनुवंशिकी, साप].