टाळ्या कुणाच्या, गाणे कुणाचे?

५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या रंगमंचावर एरिक क्लॅप्टन या नामवंत गोऱ्या गिटारवादकाने दारूच्या नशेत एनॉक पॉवेलची तळी उचलली. ब्रिटन काळ्यांची वसाहत होता कामा नये, परक्यांना हाकलून द्या, अशी त्याची भाषा होती. पॉवेल म्हणजे तोच पुढारी, ज्याने १९६८ साली याच शहरात रक्ताने फेसाळलेल्या नदीचा दाखला देऊन स्थलांतरितांविरुद्ध भय पेरले होते. आणि क्लॅप्टन कोण? दोनच वर्षांपूर्वी, १९७४ साली, जमैकाच्या बॉब मार्लेचे 'आय शॉट द शेरीफ' गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला गायक! काळ्याचे गाणे चालते, काळा माणूस शेजारी चालत नाही. ही वृत्ती आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या प्रकाराने संतापलेल्या रेड साँडर्स या छायाचित्रकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी संगीतविषयक साप्ताहिकांना पत्र लिहिले आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातून मोर्चा निघाला आणि पूर्व लंडनमधल्या व्हिक्टोरिया पार्कवर पोहोचला. नॅशनल फ्रंट या वर्णद्वेष्ट्या पक्षाचा जोर होता तो हाच भाग. जमलेल्या लोकांचा अंदाज ऐंशी हजारांपासून एक लाखापर्यंत सांगितला जातो. तिथे स्टील पल्स हा काळ्या तरुणांचा रेगे वाद्यवृंद गायला, आणि 'द क्लॅश' हे चार गोऱ्या पोरांचे टोळकेही गायले. त्या दिवशीचे त्यांचे 'लंडन्स बर्निंग' आज आपल्याला ऐकता येते, ते १९९९ साली निघालेल्या 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' या संग्रहात.

१९७८ ते १९८२ या काळातल्या वेगवेगळ्या कार्यक्रमांतली १७ गाणी वेचून हा संग्रह केला आहे. लंडन, न्यूयॉर्क, बोस्टन अशी ठिकाणे बदलतात, पण क्रम असा लावला आहे की एकाच रात्रीचा कार्यक्रम ऐकतो आहोत असे वाटावे. कान देऊन ऐकणाऱ्याला मात्र फरक कळतो. १९८२ च्या गाण्यांत ढोलावरचा हातसुद्धा वेगळा आहे, कारण हेरॉइनच्या व्यसनापायी टॉपर हेडनला त्या वर्षी काढून टाकले होते आणि जुना वादक टेरी चाइम्स परत आला होता. ज्यांनी मांडवात बसून रात्र रात्र गाणी ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे, गाणाऱ्याइतकेच समोर बसलेले लोकही गाणे घडवतात. मग पाच वर्षांतली, दोन देशांतली माणसे एका टाळीत मिसळून टाकली तर काय उरते?

आम्हाला विचारात पाडतात ती दोन गाणी. एक व्हिक्टोरिया पार्कवरचे. दुसरे 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज', म्हणजे बेकार पोरांपुढे टाकल्या जाणाऱ्या टाकाऊ नोकऱ्यांवरचे. हे दुसरे गाणे रेकॉर्डवर येते ते ऑक्टोबर १९८२ मधल्या न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधून. 'द हू' या बड्या वाद्यवृंदाच्या आधी गायची संधी मिळालेली, समोर तिकीट काढून आलेला अफाट जमाव. बेकारीचे गाणे तेच, पण ते ऐकणारा बेकार कुठे गेला? गाणाऱ्यांची प्रगती झाली याचे आम्हाला दुःख नाही. गाण्याचा पत्ता बदलला, एवढे नोंदवून ठेवतो.

रेकॉर्ड सुरू होते 'कम्प्लीट कंट्रोल'ने. सीबीएस कंपनीने १९७७ साली त्यांना न विचारता त्यांचे एक गाणे बाजारात आणले, त्या रागातून हे जन्मले. मूळ ध्वनिमुद्रणाला जमैकाचा ली 'स्क्रॅच' पेरी होता. पुढे सीबीएसचा रेकॉर्ड व्यवसाय सोनीने विकत घेतला, आणि मालकाविरुद्धचे हे गाणे त्याच घराण्याने या संग्रहाच्या अग्रभागी सजवून विकले. भांडवलाला शिव्यासुद्धा विकता येतात!

हे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या बाँड्स या जागेतले, १९८१ सालचे. आठ कार्यक्रम ठरले होते. जागेच्या मानाने तिकिटे भलतीच जास्त विकली गेली, अग्निशमन खात्याने हरकत घेतली, तेव्हा क्लॅशने तिकीट घेतलेल्यांना फसवायचे नाही म्हणून सतरा कार्यक्रम केले. इथवर कौतुकच आहे. पण त्यांनी आपल्याआधी गायला ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या काळ्या साथीदारांना बोलावले, तेव्हा क्लॅशच्याच गोऱ्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली, वस्तू फेकल्या. वर्णद्वेषाविरुद्धची गाणी पाठ असलेले हे चाहते! काळ्या माणसाचे संगीत गोऱ्याच्या गळ्यातून आले तर गोड, काळ्याच्या गळ्यातून आले तर नकोसे. क्लॅश त्यांच्यावर संतापले, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण ती हुर्यो या रेकॉर्डवर नाही. रेकॉर्डवर आहेत त्या फक्त टाळ्या.

गायक जो स्ट्रमर स्वतः एका राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा, वसतिगृहाच्या शाळेत शिकलेला. खरे नाव जॉन मेलर. त्याच्यावर ढोंगाचा आरोप पुष्कळांनी केला. आम्ही तो तितक्या सहजपणे करणार नाही. 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले' या गाण्यात तो काळ्यांच्या रेगेच्या रात्री गेलेला एक गोरा पाहुणा आहे आणि आपण पाहुणे आहोत हे तो लपवत नाही. दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या नावावर चढवणारे समतावादी आपण खूप पाहिले. त्या मानाने हा प्रामाणिक. उलट 'आर्मागिडियन टाइम' हे विली विल्यम्सचे, जमैकाच्या मातीतले. क्लॅशच्या चाहत्यांपैकी किती जणांनी मूळ गायकाची रेकॉर्ड शोधून ऐकली असेल?

व्हिक्टोरिया पार्कच्या त्या सभेनंतर चौथ्या दिवशी, ४ मे १९७८ रोजी, व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली हा कपड्याच्या कारखान्यात राबणारा बंगाली तरुण कामावरून घरी जाताना भोसकला गेला. ठिकाण पार्कपासून फार दूर नाही. लाखाची गर्दी आली, गाणी झाली, गर्दी पांगली, आणि सुरा होता तिथेच राहिला. १४ मे रोजी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. या वेळी पुढे होते ते स्वतः बंगाली कामगार. त्या मोर्चाची रेकॉर्ड कोणत्या कंपनीने काढली नाही. १९९८ साली तिथल्या बागेला अल्ताब अलीचे नाव मिळाले, एवढेच.

म्हणून गाणी फुकट गेली असे म्हणायचे काय? नाही. नॅशनल फ्रंटला गोऱ्या तरुणांत जी भरती करायची होती, तिच्या आड ही गाणी आली, हे आम्ही मानतो. 'लंडन्स बर्निंग'च्या त्या दीड-दोन मिनिटांत आवाज खरखरीत आहे, गिटार फाटते आहे. संग्रहातले सर्वांत खरे ध्वनिमुद्रण आम्हाला तेच वाटते.

स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ रोजी वारला. त्याआधी महिनाभर, १५ नोव्हेंबरला, लंडनच्या ॲक्टन टाउन हॉलमध्ये तो संपावरच्या अग्निशमन कामगारांसाठी गायला. मिक जोन्स प्रेक्षकांतून उठून त्याच्या शेजारी गिटार घेऊन उभा राहिला. ती रात्र या संग्रहात नाही, संग्रह तीन वर्षे आधीचा. २०१२ साली ती वेगळी निघाली. ज्याला क्लॅश ऐकायची असेल त्याने तीही मिळवावी.