जपानी मोटार घरीं आणावी काय?

गेल्या चैत्रांत आमच्या धाकट्या पुतण्याचें जपानाहून पत्र आलें. सहा वर्षें तो तेथें नोकरीस आहे व आतां कायमचा यवतमाळास परत येण्याच्या बेतांत आहे. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर, पत्राच्या अगदी शेवटीं, सहज लिहाव्या तशा दोन ओळी होत्या : "ती. काका, मागें मीं येथें एक मोटार घेतली होती, तिला आतां दोन वर्षें झालीं. ती इकडेच विकून यावें, कीं बोटीनें बरोबर आणावी? घरीं विचारून कळवावें."

आमचें घर एकत्र. चौदा माणसें एका चुलीवर जेवतात, आणि मोठा खर्च ओसरीवर बसून, सर्वांच्या कानांवर घालून करावयाचा, अशी वडिलांपासूनची रीत आहे. तेव्हां हें पत्रही ओसरीवर वाचलें गेलें. तरुण मंडळींनीं लगेच मोटारीचीं चित्रें शोधून काढलीं. आईनें एवढेंच विचारलें, "तिच्यांत बसून मला पुसदला बहिणीकडे जातां येईल ना?"

त्या रात्रीं उत्तर देतां आलें नाहीं. पुढें तीन महिने चौकशी केली. ती इतरांसही उपयोगी पडेल म्हणून येथें मांडतों. कारण परदेशीं गेलेला मुलगा आज आपल्यांतील पुष्कळ घरांत आहे, आणि असें पत्र कोणाच्याही घरीं येऊं शकतें.

मोटार टोयोटा कंपनीची, 'जीआर ८६' नांवाची. दोन दारांच्या, ठेंगण्या व चपळ अशा मोटारींना 'कूपे' म्हणतात, त्यांपैकीं ही एक. हिची उंची १,३१० मिलिमीटर, म्हणजे सुमारें सव्वाचार फूट; आणि जमिनीपासून पोटापर्यंतचें अंतर १३० मिलिमीटर, म्हणजे पांच इंचांहून किंचित् अधिक. मागें दोन बैठका आहेत, पण त्या लहान मुलांना किंवा बोचक्यांना पुरतील इतक्याच. आईच्या प्रश्नाचें उत्तर असें पहिल्याच दिवशीं मिळालें. तथापि तेवढ्यावरून मुलाच्या आवडीवर पाणी सोडावयास लावणें मला न्यायाचें वाटेना. मोटार त्यानें स्वतःच्या कमाईनें घेतली होती. आणि घरांतील प्रत्येक वस्तु आजीच्याच सोयीची असावी, असा कांहीं नियम नाहीं.

शिवाय प्रथमदर्शनीं सर्व जुळतच होतें. जपानांत वाहनें आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, चालकाचें चक्र उजवीकडे असतें, वेगही किलोमीटरांत दाखविला जातो. आपल्या आयातनियमांनाही हेंच हवें असतें. वापरलेली मोटार आणावयाची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आंतली असावी, चक्र उजव्या हातीं असावें, दिवे डाव्या चालीस योग्य असावेत, आणि ती मुंबई बंदरांतूनच उतरवावी. पुढें पुण्याच्या 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन'सारख्या मान्य संस्थेचा दाखला लागतो. जकात व इतर कर मिळून मोटारीच्या किमतीहून अधिक रक्कम सरकारांत भरावी लागते, ती वेगळीच. पण याच नियमांत आणखी एक अट आहे. आणल्यापासून निदान पांच वर्षें मोटार रस्त्यावर चालण्याजोगी असावी, आणि तेवढा काळ तिच्या देखभालीची सोय या देशांत होईल अशी हमी द्यावी. ही अट वाचून मी थबकलों. आणाल खुशाल, पण सांभाळील कोण, असेंच जणूं सरकार विचारीत होतें. त्या प्रश्नाचा माग काढीत गेल्यावर जें दिसलें तें असें.

आजच्या मोटारीच्या पोटांत केवळ लोखंड नसतें. लहानमोठे अनेक संगणक असतात, आणि ते ज्या देशासाठीं बनतात त्या देशाची भाषा व चालरीत शिकून येतात. पहिलें उदाहरण रेडिओचें. जपानांत एफ. एम. प्रक्षेपण ७६ ते ९५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतें, आपल्याकडे ८८ ते १०८ या पट्ट्यांत. म्हणजे ९५ च्या वरचीं आपलीं केंद्रें त्या रेडिओच्या कानीं पडावयाचींच नाहींत. दुसरें उदाहरण नकाशाचें. जपानी गिऱ्हाइकांसाठीं बसविलेल्या यंत्रांत नकाशा जपानापुरता असतो. पडद्यावरचीं अक्षरें जपानी, आणि आंतून वाट सांगणारी वाणीही जपानी. कांहीं संच तर असे आहेत कीं बॅटरी काढून पुन्हां जोडली कीं ते गुप्त संकेतांक मागतात, व तो मिळेपर्यंत मुके होऊन बसतात. आपल्या मिस्त्रीनें बॅटरी बदलली, एवढ्याच अपराधाची ही शिक्षा!

तिसरें उदाहरण किल्लीचें. दुरून दार उघडणाऱ्या जपानी किल्ल्या बहुधा ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. आपल्याकडे अशा किल्ल्यांची प्रचलित लहरी ४३३ ची आहे. सोबत आलेली किल्ली चालेल, पण ती हरवली तर इकडील बाजारांतली दुसरी तिच्या जागीं चालावयाची नाहीं. पथकराचें जपानी यंत्रही येथें निरुपयोगी. मात्र त्यांत नुकसान कांहीं नाहीं. समोरच्या कांचेवर फास्टॅग चिकटविला कीं झालें. रेडिओ व नकाशाचा संच काढून इकडचा बसवितां येतो, हेंही खरें. परंतु मागें पाहण्याचा कॅमेरा आणि चक्रावरील बटणें जुन्या संचाशीं जोडलेलीं असतात. तीं नव्याशीं जुळविणारी जोडतार आधींच मिळवून ठेवावी लागते.

यंत्र आपल्या भूमीशीं किती बांधलेलें असतें, याचें एक गमतीचें उदाहरण निस्सानच्या 'जीटी-आर' या मोटारींत पाहावयास मिळतें. जपानांत विकल्या जाणाऱ्या अशा मोटारींचा वेग ताशीं १८० किलोमीटरांवर आपोआप रोखला जातो. 'जीटी-आर' मात्र आपण शर्यतीच्या मैदानांत उभी आहों, हें नकाशावरून ओळखते, आणि तेथेंच तो बंध सोडूं देते. नकाशांत मैदान नसेल तर बंध तसाच राहतो.

आतां अन्नाचा विचार. अशा मोटारींना जपानांत उंची पेट्रोल घालतात, त्याचा ऑक्टेन आंकडा बहुधा शंभराच्या आसपास असतो. आपल्या नेहमींच्या पंपावरील पेट्रोलांत आज वीस टक्के इथेनॉल असतें व त्याचा आंकडा ९५ असतो. शंभर आंकड्याचें पेट्रोल भारतांत मिळतें, पण तें मोठ्या शहरांतील मोजक्या पंपांवर. जपानच्या बाजारासाठीं बनविलेल्या नळ्या व रबरी कड्या वीस टक्के इथेनॉलला कितपत टिकतील, हें निर्मात्याकडून लेखी मिळाल्याशिवाय टांकी भरणें शहाणपणाचें नव्हे.

रस्त्याविषयीं यवतमाळकरांस काय सांगावें! आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता मग लाटेसारखा खालींवर होतो. गतिरोधकाची शास्त्रोक्त उंची दहा सेंटिमीटर, आणि या मोटारीचें पोट तेरावर. म्हणजे दोन बोटांचें अंतर उरलें, तेंही मोटार रिकामी असतांना. गांवोगांव लोकांनीं आपल्या हातानें घातलेले गतिरोधक तर कोणतेंच शास्त्र जाणत नाहींत.

सर्वांत मोठी अडचण सुट्या भागांची. टोयोटाचीं दुकानें नागपुरास आहेत, मग चिंता कशाची, असें आम्हां सर्वांस वाटलें होतें. पण ही मोटार कंपनीनें भारतांत कधीं विकलीच नाहीं. तिचें इंजिन सुबारूचें आहे, व ती बनतेही सुबारूच्याच कारखान्यांत, गुन्मा प्रांतांतील ओता येथें. त्या इंजिनाचीं चारही सिलिंडरें समोरासमोर आडवीं निजलेलीं असतात. सुबारूचें दुकान आपल्या देशांत नाहीं, त्यामुळें असें इंजिन उघडलेला मिस्त्रीही सहसा भेटत नाहीं. त्यांत क्रमांकाचा घोटाळा. इतर देशांत मोटारीस सतरा अक्षरांकांचा क्रमांक असतो. जपानांत विकावयाच्या मोटारीस आखूड चौकट-क्रमांक असतो, या मोटारीचा 'झेडएन ८' पासून सुरू होणारा. सतरा घरें भरल्याशिवाय पुढें न सरकणाऱ्या आपल्याकडील संगणकांपुढें हा क्रमांक घेऊन उभें राहणें म्हणजे परक्या गांवीं नांव नसलेलें पाकीट घेऊन पत्ता विचारीत हिंडणें होय. टायर, बॅटरी, तेल या वस्तु येथें मिळतील. पण समोरची कांच, दिवे, बंपर, क्लच, संवेदक यांतील एखादा गेला कीं परदेशाहून तो येईपर्यंत मोटार अंगणांत उभी. वर उल्लेखिलेली 'जीटी-आर' २०१६ सालीं निस्साननें स्वतः भारतांत विकावयास आणली, तेव्हां तिच्या देखभालीसाठीं नॉयडा येथें खास कार्यशाळा ठेवावी लागली. कंपनीची ही स्थिति, तर एकट्यादुकट्या गृहस्थाची काय कथा?

परदेशी यंत्र आपल्या मातींत रुजतच नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची आपली 'शकुंतला' आठवावी. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बनलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होतें. तें यंत्र उघडून पुन्हां जोडणारे हात येथेंच होते, आणि तुटलेला तुकडा घडवून बसवावा इतकें तें साधें होतें. आज ती गाडी बंद आहे. पण सत्तर वर्षें धांवली ती केवळ विलायती लोखंडाच्या बळावर नव्हे. उलट आमच्या माजघरांत आजोबांचा विलायती रेडिओ आहे. त्याची एक दिवटी गेली, तिच्या जोडीची मिळाली नाहीं, आणि गेलीं पन्नास वर्षें त्यावर फक्त फुलदाणी उभी आहे.

हें सर्व मीं पुतण्यास कळविलें. मोटार आणूं नको असें मात्र एका शब्दानें लिहिलें नाहीं. ज्यांस तरीही आणावयाची असेल त्यांनीं काय करावें, तेंही लिहिलें. मोटार तेथें असतांनाच तिची दुरुस्तीची पुस्तिका व भागक्रमांकांची यादी मिळवावी. दुसरी किल्ली तेथेंच करून घ्यावी व नकाशायंत्राचा संकेतांक लिहून ठेवावा. क्लच, आरसे, दिवे हे भाग त्याच पेटींतून आणावेत. पुढें लागणारे भाग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथूनही मागवितां येतात, कारण ही मोटार तेथें उजव्या चक्राचीच विकली गेली. पण प्रत्येक क्रमांक जपानी यादीशीं ताडून पाहावा. आणि सर्वांत आधीं, पांच वर्षें ती उघडूं शकेल असा एक माणूस नांवानिशीं ठरवावा. तो न सांपडल्यास बोटीचें भाडें भरूं नये.

त्यानें नागपुरापासून पुण्यापर्यंत महिनाभर असा माणूस शोधला. शेवटीं मोटार तिकडेच एका तरुणास विकली. त्या संध्याकाळीं त्यानें घरच्या सर्वांस तिचें एक छायाचित्र पाठविलें. खालीं एक अक्षरही लिहिलें नव्हतें. आईनें तें बराच वेळ पाहिलें व म्हणाली, "फार देखणी होती रे." मग तिनें मला त्यास कळवावयास सांगितलें कीं दिवाळीस आलास म्हणजे तूंच मला पुसदला घेऊन जा, एस. टी. नें गेलें तरी चालेल.