पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी: खरी किती, ऐकीव किती?

गुप्तरोग हा शब्द काढला की वर्गात खसखस पिकते आणि मोठ्या माणसांत शांतता पसरते. म्हणून आधीच सांगते, आजचा पाठ त्या रोगापेक्षा केस पेपरावरच्या दोन शब्दांबद्दल आहे : 'पेनिसिलीन अ‍ॅलर्जी'.

समजा, लालबागच्या चाळीत राहणारा एक तरुण परळला केईएममध्ये त्वचा व गुप्तरोग विभागात गेला. जननेंद्रियावर जखम आहे, पण दुखत नाही. हे सिफिलिसचं लक्षण असू शकतं. जुनी माणसं याला 'गरमी' म्हणायची. अशा जखमेसाठी सरकारी कार्यक्रमात मोफत औषधांची रंगीत किट ठरलेली आहेत. पांढऱ्या किटमध्ये बेंझाथिन पेनिसिलीनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एक डोस असतो. पेनिसिलीन चालत नसेल तर निळं किट. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन तेच, पण इंजेक्शनऐवजी डॉक्सिसायक्लिनच्या ३० गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, १५ दिवस.

आता दहा बाय बाराच्या खोलीत, सहा माणसांत, ३० गोळ्या कुणाच्या नजरेस न पडता कशा घ्यायच्या? चार दिवसांत जखम बरी दिसू लागते आणि उरलेलं पाकीट ट्रंकेच्या तळाशी जातं. इंजेक्शन दुखतं खरं (अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्यात), पण रोग सुरुवातीचा असेल तर तेवढ्यात काम होतं. शिवाय इतक्या वर्षांत हा जंतू पेनिसिलीनपुढे टिकाव धरायला शिकलेला नाही.

गरोदर बाईचा प्रश्न तर याहून बिकट. तिला डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन पोटातल्या बाळापर्यंत पुरेसं पोचेल याचा भरवसा नाही. आई आणि बाळ दोघांना वाचवणारं खात्रीचं औषध एकच, पेनिसिलीन. मग ते दोन शब्द खरे आहेत का, हे तपासायला नको?

अमेरिकेतली आकडेवारी पाहा. तिथे दहातला एक जण 'मला पेनिसिलीन चालत नाही' असं सांगतो. नीट तपासलं तर त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना ते चालतं! ज्यांना खरोखर अ‍ॅलर्जी होती, त्यांच्यातही दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची ती ओसरते.

मग हा शिक्का बसतो कसा? थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे, असं मला वाटतं. 'त्या औषधानं पित्त झालं' म्हणजे नक्की काय? अंगावर गांधी उठल्या, की पोटात जळजळून उलटी झाली? पहिलं अ‍ॅलर्जीचं लक्षण असू शकतं, दुसरं बहुधा नाही. 'औषध गरम पडलं' म्हणजे तोंड आलं, जुलाब झाले, की श्वास कोंडला? लहानपणी तापात अंगावर पुरळ आलं, तेव्हा औषध चालू होतं, म्हणून दोष औषधाला. पुरळ मात्र त्या विषाणूचंच असू शकतं. सुई बघून चक्कर येणं हीही अ‍ॅलर्जी नव्हे. आणखी एक गंमत अशी की सिफिलिसचं इंजेक्शन घेतल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो. जंतू झपाट्यानं मरत असल्याची ती खूण, एका दिवसात उतरते. पण घरचे म्हणतात, 'रिअ‍ॅक्शन आली!'

म्हणून खरी तपासणी प्रश्नांपासून सुरू होते. 'पेन-फास्ट' नावाची एक सोपी गुणपद्धत आहे. त्रास पाच वर्षांच्या आत झाला असेल तर २ गुण. चेहरा-ओठ सुजले, जीव धोक्यात आला किंवा कातडी सोलून निघाली तर २. त्या त्रासासाठी उपचार घ्यावे लागले तर १. बेरीज तीनपेक्षा कमी म्हणजे धोका कमी. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली अ‍ॅमॉक्सिसिलीनचा एक डोस तोंडाने देतात आणि निदान तासभर बसवून ठेवतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ३७७ जणांपैकी निम्म्यांना थेट डोस दिला, निम्म्यांची आधी त्वचेची तपासणी केली. दोन्ही गटांत प्रत्येकी एकालाच अ‍ॅलर्जी निघाली. हे घरी करून बघायचं काम नव्हे, आणि ज्याची कातडी सोलून निघाली होती त्याच्यावर तर मुळीच नव्हे.

आपल्याकडे हातावर टोचून जो 'टेस्ट डोस' देतात, त्याचं काय? नुसत्या पेनिसिलीनच्या टेस्ट डोसनं प्रत्येक अ‍ॅलर्जी पकडली जात नाही. म्हणून तो निर्दोष आला तरी इंजेक्शननंतर अर्धा तास बाकड्यावर बसवतात, आणि अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवतात. 'लोकल चुकेल' म्हणून उठून जाऊ नका. जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन आली तर बहुधा त्याच वेळात येते.

आणि गरोदर बाईची अ‍ॅलर्जी खरी निघाली तर? तिला रुग्णालयात दाखल करून पेनिसिलीनचे अगदी सूक्ष्म डोस काही तास वाढवत नेतात, शरीर तेवढ्यापुरतं ते सोसायला लागतं, आणि लगेच पूर्ण इंजेक्शन देतात. हा सराव टिकत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

तपासणीत तुमची अ‍ॅलर्जी खोटी ठरली, तर डॉक्टरांकडून केस पेपरावरचे ते दोन शब्द खोडून घ्या, शेजारी तारीख आणि सही घ्या. घरच्या फाइलीतल्या जुन्या कागदावरही.