उसन्या नादाचे ऋण

निबंधात दुसऱ्याचा उतारा घ्यावा, त्याभोवती आपला विचार गुंफावा आणि उताऱ्याखाली मूळ लेखकाचे नाव लिहावे, ही रीत आपल्या परिचयाची आहे. संगीतातही असा उतारा घेता येतो. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलून त्याची नवी आवर्तने रचावयाची, या कलेवर अमेरिकेतील हिप-हॉप संगीताचा मोठा भाग उभा आहे. उचललेल्या तुकड्याला ‘सॅम्पल’ म्हणतात, आणि त्यातून सिद्ध झालेल्या तालबद्ध रचनेला ‘बीट’. आज पुष्कळ तरुण घरीच अशी रचना करतात. शेजारच्या खोलीतून तोच तो ठेका तासन्‌तास ऐकू आला, की मुलगा वेळ दवडीत आहे असे वडीलधाऱ्यांस वाटते. तो नेमके काय करीत असतो, हे आज पाहू.

या कलेचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क हा जमैकात जन्मलेला तरुण आपल्या बहिणीच्या मेजवानीत ध्वनिमुद्रिका वाजवीत होता. गायन थांबून केवळ ढोल वाजू लागले, की नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. म्हणून तो एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवी. एकीवरचा ढोलाचा भाग संपताच दुसरीवर तोच सुरू करी. काही क्षणांचा ठेका अशा रीतीने मिनिटेच्या मिनिटे चाले.

पुढे हे काम यंत्राकडे आले. १९८७ सालच्या ‘एसपी-१२००’ या यंत्रात अवघ्या दहा सेकंदांचा ध्वनी मावत असे. तेव्हा कारागिरांनी युक्ती काढली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मुद्रिका ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून ध्वनी भरून घ्यावयाचा आणि यंत्रात तो पुन्हा संथ करावयाचा. दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचे संगीत बसे. त्यामुळे आवाजाला येणारा खरखरीतपणा पुढे रसिकांना आवडू लागला.

आता घरचा संगणक, हेडफोन आणि ‘ऑडॅसिटी’सारखा विनामूल्य प्रोग्रॅम एवढ्यावर आरंभ करता येतो. प्रथम काम ऐकण्याचे. जेथे एखादेच वाद्य मोकळे वाजते, अशी जागा शोधावी. मग छेद घ्यावयाचा. पडद्यावर ध्वनीची लाट मधली रेषा ओलांडते तेथेच छेद घ्यावा. अन्यथा प्रत्येक सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो.

त्यानंतर गणित. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली, तर चार ठोक्यांचे आवर्तन सुमारे २.६७ सेकंदांचे होते. तुकडा २.७० सेकंदांचा राहिला, तर दहा आवर्तनांत तो जवळजवळ अर्धा ठोका मागे पडतो आणि सम चुकते. तुकडा संथ केला, की जुन्या मुद्रिकेप्रमाणे स्वरही उतरतो; परंतु लय आणि स्वर स्वतंत्रपणे बदलण्याची सोय आज आहे. शेवटी तुकड्याचे लहान भाग करून त्यांचा क्रम बदलावा आणि खाली आपला ठेका भरावा.

यंत्र प्रत्येक ठोका काटेकोर जागी बसवू पाहते. डेट्रॉइटचा जे डिला हा कलावंत ते नाकारी आणि हाताने वाजविलेले ठोके किंचित मागेपुढेच राहू देई. त्यामुळे त्याच्या लयीत माणसाच्या हाताचा झोल राहिला. त्याचा ‘डोनट्स’ हा संग्रह फेब्रुवारी २००६ मध्ये, मृत्यूपूर्वी तीन दिवस, प्रसिद्ध झाला.

परंतु ज्याचा हात आपण उसना घेतो, त्याचे काय? ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या एका मुद्रिकेत ग्रेगरी कोलमन याने सुमारे सहा-सात सेकंद एकट्याने ढोल वाजविला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन मात्र २००६ साली दारिद्र्यात वारला. त्या वापराचा मोबदला त्याला कधी मिळाला नाही.

कायद्याने हा प्रश्न १९९१ साली ऐरणीवर आणला. विनापरवाना उचललेल्या तुकड्याच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभच दहा आज्ञांपैकी चोरीचा निषेध करणाऱ्या आज्ञेने केला. ही गोष्ट आपल्यापासूनही दूर नाही. इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकर यांच्या ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातील गीताचा तुकडा २००२ साली एका अमेरिकन गाण्यात आला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव छापल्यावाचून त्या गाण्याच्या तबकड्या विकू नयेत, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ साली दिला.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे असून ते कर्त्याच्या निधनानंतरही साठ वर्षे राहतात. म्हणून रचना लोकांपुढे आणण्यापूर्वी दोन्ही परवानग्या घ्याव्यात. अथवा घरातील पेटी, तबला, व्हायोलिन स्वतः वाजवून तुकडा तयार करावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याचे यंत्र बंद करू नका. त्याला एक वही द्या. घेतलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे मुद्रिका, वर्ष आणि वादकाचे नाव त्याने लिहावे. नाव लिहिल्याने ऋण फिटत नाही, हे खरे. परंतु ते कोणाचे आहे, हे तरी विसरले जात नाही.