एअरसॉफ्टची मोहीम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एअरसॉफ्ट हा ६ मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे छर्रे झाडणाऱ्या प्रतिकृती बंदुकांनी खेळला जाणारा सांघिक खेळ असून त्याचा उगम १९७०च्या दशकात जपानमध्ये झाला. त्याला कथानक, नकाशा, वायरलेस आणि दिवसभराच्या मोहिमेची जोड दिली की खेळाडू आपल्या भूमिकेत पूर्णपणे रमून जातो. छत्तीसगडमधील भिलाईच्या सेक्टर २ मधील एखाद्या मंडळाने अशी मोहीम भरवायची ठरवली, तर त्याच्या वाटेत पहिल्यांदा येतो तो ‘ही तर खेळण्यातली बंदूक, हिला परवानगी कशाला’ हा समज. शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या शस्त्रांसाठी २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर नळी असे दोन निकष आहेत. एअरसॉफ्टची ऊर्जा एकदोन ज्यूलच्या आसपास असल्याने ती पहिल्या निकषात सहज बसते, पण बंदुकीची नळी दुसऱ्या निकषाहून मोठी आहे, आणि म्हणूनच बंदुका विकत घेण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाकडून लेखी खुलासा घेणे आवश्यक ठरते. सेक्टर २ ही भिलाई इस्पात संयंत्राच्या वसाहतीतील वस्ती असल्याने तेथील मैदानासाठी संयंत्राच्या नगर सेवा विभागाची संमती लागेल, आणि पोलिसांना पूर्वसूचना द्यावी लागेल ती वेगळीच. बस्तरमधील सशस्त्र संघर्षाच्या बातम्या वर्षानुवर्षे ऐकलेल्या राज्यात रस्त्यावर दिसलेली हुबेहूब बंदूक कोणाला खेळणे वाटेल, अशी अपेक्षाच करू नये. सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे संघांची ओळख रंगीत दंडपट्ट्यांनी ठरवावी. भर वस्तीत छर्ऱ्यांचा खेळ मुळीच घेऊ नये. त्यासाठी गावाबाहेरची कुंपण घातलेली खाजगी जागा शोधावी, आणि वस्तीत खेळायचेच असेल तर अवरक्त किरणांवर चालणारा लेझर टॅग निवडावा.

बंदूक जितकी जोरदार तितका खेळ खरा, हा दुसरा समज अधिक घातक आहे. छर्रा दूर जातो तो केवळ वेगामुळे नव्हे. नळीतील ‘हॉप-अप’ नावाचा रबरी भाग त्याला उलटी फिरकी देतो, त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते आणि कमी ऊर्जेतही पल्ला वाढतो. जपानमध्ये कायद्याने ही ऊर्जा एका ज्यूलच्याही किंचित खाली ठेवलेली आहे आणि तेथे हा खेळ उत्तम चालतो. शिवाय मोजणी केवळ वेगाची करून भागत नाही, कारण ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा १ ज्यूल भरते, पण त्याच वेगाच्या ०.४० ग्रॅमच्या छर्ऱ्याची २ ज्यूल होते. म्हणून प्रत्येक बंदूक ती ज्या छर्ऱ्यांनी खेळात वापरली जाणार आहे त्यांनीच वेगमापकावर तपासावी.

डोळ्यांच्या बाबतीत नेहमीचा चष्मा किंवा गॉगल पुरेसा मानणे हा तर अक्षम्य निष्काळजीपणा होय. युरोपीय ‘ईएन १६६’ मानकातील ‘एफ’ दर्जाची काच ०.८६ ग्रॅमच्या पोलादी गोळीचा सेकंदाला ४५ मीटर वेगाचा, म्हणजे जेमतेम ०.८७ ज्यूलचा आघात सोसते, तर ‘बी’ दर्जाची काच १२० मीटर वेगाचा, म्हणजे सुमारे ६.२ ज्यूलचा. म्हणून आयोजकाने चेहऱ्याला घट्ट बसणारे ‘बी’ दर्जाचे संरक्षक गॉगलच सक्तीचे करावेत, आणि पंच, छायाचित्रकार व प्रेक्षक यांनाही त्यातून सूट देऊ नये.

जैवविघटनशील छर्रे पावसात विरघळून जातात, असेही मानले जाते. त्यांतील अनेक छर्रे ज्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे असतात, त्याच्या जलद विघटनास औद्योगिक खतनिर्मितीतील ६० अंशांच्या आसपासची उष्णता लागते, साध्या मातीत ते वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे मैदान झाडून घेणे हा खर्चाच्या अंदाजपत्रकातला एक रकाना असला पाहिजे.

छर्रा अंगावर रंगाची खूण सोडत नाही, म्हणून बाद झाल्याचे खेळाडूने स्वतःच सांगायचे असते, आणि येथेच ‘पंच वाढवले की भांडणे मिटतात’ हा समज फोल ठरतो. गोळ्यांचा अमर्याद साठा हाती असला की खेळाडू नेम न धरता फवारा मारतो आणि त्या गदारोळात लागलेला छर्रा खरोखरच जाणवत नाही. प्रत्येकाला मोजकेच छर्रे दिले, उपचारकाने हाताला पट्टी बांधेपर्यंत बाद खेळाडूने जागेवरच थांबायचे असा नियम केला आणि जिंकणे माणसे टिपण्यावर नव्हे तर नकाशावरची कागदपत्रे किंवा पूल ताब्यात घेण्यावर ठरवले, तर बाद होणे कबूल करणेही कथानकाचाच भाग बनते. पुढच्या मोहिमेसाठीच्या सूचना त्याच संध्याकाळी, दोन्ही संघ एकत्र बसलेले असताना लिहून घ्याव्यात.